चौदा सेकंदांची बारी

मी हसले. गोष्ट खरं तर एवढीशीच, पण माशाचा बारीक काटा घशात राहावा तशी ती आतच राहून गेली आहे. ६ फेब्रुवारी २०२२ ची दुपार, लॉस एंजेलिसचं कोलिझियम. नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या, १५० फेऱ्यांच्या शर्यतीतल्या ७५ फेऱ्या झाल्या होत्या, गाड्या थांबल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत रॅपर आइस क्यूबचं गाणं सुरू झालं होतं. आमच्या बाजूचे सगळे लोक उभे राहून नाचत होते. माझ्या डाव्या हाताला बसलेले एक वयस्क गृहस्थ मात्र जागचे हलले नव्हते. गुडघ्यांवर टोपी उलटी ठेवून ते तिच्यात भुईमुगाच्या शेंगांची टरफलं टाकत होते. एकेक शेंग अंगठ्याने फोडायची, दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, खायचे. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण ओरडला, "आजोबा, आवडत नसेल तर कॅरोलिनाला परत जा!" कॅरोलिना म्हणजे या शर्यतींचं जुनं माहेर. आसपासचे पंधरा-वीस जण हसले. मीही हसले. आणि हसले तेव्हा माझ्या गळ्यात त्याच गृहस्थांनी दिलेला हेडफोन लटकत होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढची शेंग फोडली.

मी तिथे गेले ती ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. ती लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवुडची, कृष्णवर्णीय, लहानपणापासून गाड्यांची वेडी. वडिलांच्या गॅरेजमध्ये पाने-पकडी हातात देत वाढलेली. पण नॅस्कारच्या शर्यतीला ती आयुष्यात कधी गेली नव्हती. टीव्हीवर बघायची, शर्यतीच्या दिवशी फोन उचलायची नाही, तरी स्टेडियममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. "तिथे झेंडे असायचे," एवढंच ती म्हणाली होती. कोणते झेंडे ते मला विचारावं लागलं नाही. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा तो कॉन्फेडरेट झेंडा २०२० च्या जूनमध्ये नॅस्कारने आपल्या मैदानांवर बंद केला, आणि दीड वर्षाने शर्यतच तिच्या घरापासून वीस मिनिटांवर आली. तिने चार तिकिटं काढली. दोघंजण ऐनवेळी गळले, उरलो आम्ही दोघी. सकाळी ट्रेनमधून उतरलो तेव्हा तिच्या डोक्यावर बबा वॉलेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरच्या २३ नंबरची कोरी टोपी होती, टोपीवरचं चकचकीत स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं. फाटकाबाहेर बेकन गुंडाळलेले हॉटडॉग तव्यावर चरचरत होते, कांद्या-मिरच्यांचा धूर डोळ्यांत जात होता, स्पॅनिश बोलणारी कुटुंबंच्या कुटुंबं लहान मुलांना खांद्यावर घेऊन आत शिरत होती. कुठल्यातरी मोठ्या यात्रेला आल्यासारखं वाटलं मला. मैत्रीण फाटकाशी थांबली, वर कमानींकडे बघितलं आणि म्हणाली, "फुटबॉलसाठी शंभरदा आलेय मी इथे. आज पहिल्यांदा पाय थरथरतायत."

आता जरा त्या जागेबद्दल. कोलिझियम १९२३ चं. १९३२ आणि १९८४ अशी दोन ऑलिंपिक तिथे झाली. एरवी तिथे विद्यापीठाच्या संघाचं अमेरिकन फुटबॉल चालतं. त्या हिरवळीवर डिसेंबरमध्ये प्लायवूड अंथरलं, प्लास्टिक टाकलं, त्यावर माती आणि मातीवर डांबर, असा पाव मैलाचा गोल रस्ता दोन महिन्यांत उभा केला. शर्यत झाली की सगळं उकरून काढायचं आणि खालची हिरवळ मोकळी करायची. आमच्याकडे यात्रेच्या आधी शेतात मांडव पडतो आणि यात्रा उलगली की खड्डे बुजवून पुन्हा नांगर फिरतो, तसंच. ही शर्यत मोसम सुरू होण्याआधीची, तिचे गुण कुठे धरले जात नाहीत. १९७९ पासून ती फ्लोरिडात डेटोनालाच व्हायची. अडीच मैलांचा तो ट्रॅक, ३१ अंशांच्या चढाची वळणं. जुन्या लोकांच्या मनात ही शर्यत आणि ती जागा एकच. २०२२ साली पहिल्यांदा ती तिथून उचलली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, शहराच्या पोटात, एका खेळाच्या मैदानात आणून ठेवली.

ते गृहस्थ आमच्याआधी येऊन बसले होते. मानेवर उन्हाने पडलेल्या जाळीदार सुरकुत्या, हातावर जुन्या भाजल्याचा डाग, मास्क हनुवटीखाली. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणू लागले. पात्रता फेऱ्या चालू असताना मी मैत्रिणीला एकामागून एक प्रश्न विचारत होते आणि आवाजात तिला काही ऐकू येत नव्हतं. काकांना माझे हातवारे दिसले असावेत. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली, दुसरा हेडफोन काढला, त्याची वायर आपल्या कमरेच्या स्कॅनरला, म्हणजे ड्रायव्हरांचं रेडिओवरचं बोलणं पकडणाऱ्या यंत्राला, जोडली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. जुना होता तो. डाव्या कानाच्या गादीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, डोक्यावरच्या पट्टीवर कधीकाळी मार्करने लिहिलेला आकडा पुसट झालेला. "भावाचा आहे," ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले. "तो आला नाही. म्हणाला, फुटबॉलच्या मैदानात शर्यत बघायला मी येणार नाही. चाळीस वर्षांत आम्ही एकही शर्यत एकमेकांशिवाय बघितलेली नव्हती."

तो हेडफोन कानाला लावला आणि माझी शर्यतच बदलली. बाहेरचा गडगडाट एकदम लांब गेला आणि आत एका माणसाचा अगदी शांत आवाज आला. वर छपराशी उभा राहून ड्रायव्हरला रस्ता सांगणारा तो स्पॉटर. "आत आहे... आत आहे... अजून आत... दारापाशी... मोकळा." पुन्हा वळण, पुन्हा "आत आहे". ड्रायव्हरला बाजूचं फारसं दिसत नाही, तो या आवाजाच्या भरवशावर गाडी घालतो. एक फेरी साधारण १४ सेकंदांची. स्पॉटरला श्वास घ्यायला सवड नव्हती. समोर गाड्या एकमेकींना ढुशा देत होत्या, टायरचा काळा धूर वळणावर लोंबत होता, जळक्या रबराचा वास जिभेवर कडवट बसत होता, आणि त्या सगळ्याच्या आत हा आवाज, आई मुलाला हात धरून रस्ता ओलांडवते तसा. मी डोळे मिटले. मला पुढचं सगळं आवाजावरून कळत होतं.

डोळे मिटून शर्यत ऐकणं मला नवीन नव्हतं.

माझं गाव पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यातलं. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. चैत्रात यात्रा असायची आणि यात्रेला बैलगाडे पळायचे. ज्यांनी तो घाट पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चढाची सरळ धाव, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, खाली चार बैल जुंपून धरलेले, पुढे घोडी. गाडा सुटला की कर्ण्यातून "झाली... झाली... भिर्रर्रर्र" अशी आरोळी उठायची आणि भंडाऱ्याचा पिवळा ढग वर यायचा. तो ढग मी दरवर्षी पाहिला. गाडे मात्र एकदाही पाहिले नाहीत. आमच्या घरातल्या बायका-मुली घाटात जात नसत. त्या दिवशी घरी शे-दीडशे पाहुणे जेवायला असायचे. पहाटेपासून मासवडीचं पीठ घाटलं जायचं, पाट्यावर वाटण, चुलीवर आमटीचं पातेलं. पुरुषमाणसं फेटे बांधून निघाली की मागे उरायचा तो धूर आणि आम्ही. माझी आई चुलीपुढे बसलेली असायची. कर्ण्यातून सुटल्याची आरोळी आली की तिचा हात थांबायचा. ओठ हलायचे. मग निशाण पडल्याचा गलका आला की म्हणायची, "बारा." किंवा, "तेराच्या वर गेला हा." थोड्या वेळाने पुकारणारा सेकंद सांगायचा आणि आईचा आकडा बरोबर असायचा. कोणाची बारी, म्हणजे गाड्याची धाव, चांगली झाली, कोणाचा बैल मध्येच फाकला, गलक्याच्या चढउतारावरून तिला समजायचं. आयुष्यभर घाटापासून हाकेच्या अंतरावर राहिलेल्या आईने एकही बारी डोळ्यांनी पाहिलेली नाही. रात्री आप्पा, माझे चुलते, घाटाचा राजा कोण झाला ते ओसरीवर रंगवून सांगायचे तेव्हा ती आतून पानं वाढत असायची. चुकलेला तपशील ती दुरुस्त करत नसे. मला मात्र माहीत असायचं की तिला माहीत आहे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा घाटाकडे पळाले होते. माणसांच्या पायांतून वाट काढत पुढे गेले आणि आप्पांनी बघितलं. ते रागावले नाहीत. उचलून घेतलं आणि घरी आणून सोडलं. जाताना म्हणाले, "बाळ, तिथं चेंगराचेंगरी असते." खरंही होतं ते. गाडा फुटून माणसांत घुसल्याच्या गोष्टी आम्ही ऐकलेल्या होत्या. पण माझ्याच वयाचा चुलतभाऊ त्यांच्या खांद्यावर बसून गेला होता, आणि तोही चेंगरू शकला असता.

म्हणून त्या दुपारी कोलिझियममध्ये पैसे मोजून स्वतःच्या नंबराच्या खुर्चीवर बसले होते याचं मला फार अप्रूप होतं. मैत्रिणीलाही होतं. नॅस्कारनेच नंतर सांगितलं की तिकिटं काढणाऱ्यांपैकी ७० टक्के लोकांनी त्याआधी कधी नॅस्कारचं तिकीट काढलेलं नव्हतं. त्या ७० टक्क्यांत आम्ही दोघी होतो. घराबाहेर उभी राहिलेली माणसं एकदम ओसरीवर आली की जी धमाल उडते ती तिथे उडाली होती. पुढच्या रांगेतली एक आजी प्रत्येक टकरीला छातीवर हात ठेवून "आय, दिओस" म्हणायची आणि लगेच नातवाला विचारायची, कोण धडकलं? कोणालाच नियम धड माहीत नव्हते आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पिवळा झेंडा लागून गाड्या हळू झाल्या की डीजेचं गाणं लागायचं आणि लोक खुर्च्यांवर चढायचे. मला हे सगळं आवडत होतं. अजूनही, मागे वळून बघताना, आवडतं. आइस क्यूब त्याच शहराच्या दक्षिण भागातला. त्याचं गाणं सुरू झाल्यावर मैत्रिणीने माझा हात इतक्या जोरात धरला की तिची अंगठी रुतली. ती रडत होती.

म्हणूनच मी हसले असेन. आमचं घर झालं होतं ना ते, त्या एका दुपारपुरतं. आणि आपल्या घरात कोणी तोंड पाडून बसलेलं चालत नाही.

गाणं संपलं, लोक खाली बसले, गाड्यांची इंजिनं पुन्हा सुरू होईपर्यंत थोडी शांतता झाली. काकांनी टोपीतली टरफलं एका कागदी कपात ओतली, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी कॅरोलिनाचा नाही. मोरेनो व्हॅलीचा आहे." मोरेनो व्हॅली म्हणजे कोलिझियमपासून साठ-पासष्ट मैल. त्या सबंध रांगेत त्यांच्याइतका इथला माणूस कदाचित दुसरा नव्हता. रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर वडिलांच्या मागे मोटरसायकलवर बसून ते जायचे. डॅन गर्नी या ड्रायव्हरला त्यांनी तिथे जिंकताना पाहिलं होतं, १९६८ साली, चौदा वर्षांचे असताना. गर्नी त्या ट्रॅकवर नॅस्कारची शर्यत पाचदा जिंकला, ती पाचवी. "घराच्या अंगणात आवाज यायचा," ते म्हणाले. "रविवारी आई कपडे वाळत घालायची नाही. धूळ यायची." १९८८ च्या जूनमध्ये नॅस्कारची तिथली शेवटची शर्यत झाली. ट्रॅक गेला, घरं आली, १९९२ मध्ये त्या जागेवर मॉल उघडला. "बायको तिथे पडदे आणायला जायची. मी गाडीतच बसायचो." मग १९९७ मध्ये फॉन्टानाचा दोन मैलांचा ट्रॅक झाला आणि दोघे भाऊ तिकडे जाऊ लागले. "आता म्हणतात तोही मोडणार."

मी काय बोलणार होते? मी हसले होते ते त्यांनी ऐकलं होतं की नाही हेही मला कळत नव्हतं. "सॉरी" तोंडात आलं आणि तेवढ्यात सगळी इंजिनं एकदम पेटली. तो आवाज कानाने ऐकायचा नसतो, बरगड्यांनी ऐकायचा असतो. त्यांनी मला खूण केली, हेडफोन घाल.

दुसऱ्या अर्ध्यात खरी शर्यत झाली. सुरुवातीला पुढे पळत असलेली टायलर रेडिकची ८ नंबरची गाडी बिघडून बाहेर पडली होती. आता काइल बुश आणि जोई लोगानो उरले. शेवटच्या तीसेक फेऱ्या लोगानो पुढे आणि बुश त्याच्या बंपरला लागून. प्रत्येक वळणावर वाटायचं आता ढकलतो. काका पुढे झुकले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी नीट पाहिलं. ते फेऱ्या मोजत होते. आवाज न करता, एकेक. चुलीपुढे बसलेली माझी आई मला तिथे दिसली, डोक्यावर टोपी घातलेली, मानेवर सुरकुत्या असलेली. शेवटची फेरी सुरू झाली आणि माझ्या तोंडून, पन्नास हजार परक्या माणसांत, "भिर्रर्रर्र" निघालं. आयुष्यात पहिल्यांदा. गावातल्या पोरांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं, मी कधी ओरडले नव्हते. काकांनी दचकून पाहिलं, आणि मग तोंड भरून हसले. लोगानो जिंकला. कमानींच्या वरच्या टोकावर ज्योत पेटली होती आणि उतरत्या उन्हात तिच्या मागचं आकाश गुलाबी झालं होतं. "इथून सगळं दिसतं, हे मात्र खरं," काका म्हणाले. "डेटोनाला गाड्या पलीकडच्या बाजूला गेल्या की नुसत्या मुंग्या दिसतात. भावाला सांगतो." हेडफोन परत घेताना त्यांनी त्याची वायर चार बोटांवर व्यवस्थित गुंडाळली. मी पुन्हा तोंड उघडलं, पण मैत्रीण फोटो काढायला ओढत होती, आणि मी वळून बघते तो ते जिन्यावरून उतरत होते, एकेक पायरी, कठड्याला धरून.

परतीच्या ट्रेनमध्ये डब्यात दोन तट पडले होते. एकीकडे पहिल्यांदा आलेले, चेहरे उन्हाने लाल, फोनमधले व्हिडिओ एकमेकांना दाखवणारे. दुसरीकडे जुन्या, विटलेल्या टोप्या घातलेली चार-पाच माणसं. त्यांच्यातला एक म्हणत होता, ही काय शर्यत आहे, सर्कस आहे नुसती. दुसरा म्हणाला, पण माझी मुलगी आज पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. आणि ती खरंच त्याच्या शेजारी पेंगत होती, कानात अजून फोमचे बोळे तसेच. त्यानंतर तो पहिला माणूस बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच महिन्यात गावाकडून व्हिडिओ आले. बैलगाडा शर्यती २०१४ पासून बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि आमच्या भागात जणू दिवाळी झाली. मधल्या काळात घाटात बाभळी माजल्या होत्या, त्या जेसीबी लावून काढल्या. बैलांचे हाल होतच नसत असं मी म्हणणार नाही. लहानपणी गोठ्यात मी जे पाहिलं आहे ते विसरलेले नाही, आणि बंदी आली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. पण व्हिडिओ पाहताना हात कापत होता. चुलतभावाने घाटातून दाखवलं. मोठा स्क्रीन, डीजे, बक्षिसाची मोटरसायकल फुलांनी सजवलेली. आणि चुलतभावाची पोर, तेव्हा अकरा वर्षांची, निशाणाजवळ कठड्यावर उभी, कपाळाला भंडारा, घसा ताणून ओरडत होती. मी तो तुकडा किती वेळा बघितला ते मोजलं नाही. आप्पांना फोन केला तर त्यांचा आवाज उतरलेला. "बघवलं नाही गं," म्हणाले. "दोन बाऱ्या बघून घरी आलो. नुसता धांगडधिंगा. पुकारणाऱ्याचं ऐकूच येत नाही. आपला घाट राहिला नाही तो." एरवी मी त्यांच्याशी वाद घातला असता. ज्या घाटात माझ्या आईला उभं राहता आलं नाही तो कोणाचा होता, असं विचारलं असतं. पण त्या दिवशी मला शेंगा फोडणारा अंगठा आठवत होता. मी विचारलं, "आप्पा, पूर्वी कसं असायचं? सांगा ना." पाऊण तास ते बोलत होते. बैलांची नावं, त्यांच्या आया, कोणत्या बैलाला कोणता घाट मानवायचा. जुना घाट मी पहिल्यांदा पाहिला तो त्या फोनवर.

कोलिझियममध्ये ती शर्यत तीन वर्षं झाली. २०२५ मध्ये ती नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमला, बोमन ग्रे स्टेडियमवर गेली. तोही फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलच, पण तिथे १९४९ पासून आठवड्याच्या शर्यती चालू आहेत आणि १९७१ नंतर नॅस्कारची वरच्या वर्गाची शर्यत तिथे झालेली नव्हती. सतरा हजारांचं ते मैदान खचाखच भरलं होतं. मी आणि मैत्रिणीने ती टीव्हीवर बघितली. जुन्या जाकिटांतली म्हातारी माणसं चेस एलियट जिंकल्यावर नातवंडांना उंच धरत होती. मैत्रीण टाळ्या वाजवत होती, मनापासून. मग आवाज कमी करून म्हणाली, "आपल्याकडचा डांबराचा तुकडा घेऊन ठेवायला हवा होता मी."

काकांना शोधायला मी एकदा गेले होते. २६ फेब्रुवारी २०२३, फॉन्टानाची शेवटची शर्यत. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. बरीचशी जमीन विकली गेली होती, तिथे आता गोदामं होणार होती. आमच्या तालुक्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चाकणच्या बाजूला ज्या रानांत शर्यतीचे बैल चरायचे तिथे आज गाड्यांचे कारखाने आहेत. आदल्या दोन दिवसांत पाऊस आणि थंडी अशी होती की मागचे डोंगर पार खालपर्यंत बर्फाने पांढरे झाले होते. दक्षिण कॅलिफोर्नियात असं क्वचितच दिसतं. त्या पांढऱ्या डोंगरांपुढून रंगीत गाड्या एका ओळीत जात होत्या आणि जुना, भेगाळलेला डांबरी रस्ता दुपारच्या उन्हात चांदीसारखा चमकत होता. मी स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. स्कॅनर लावलेल्या दोन-दोन म्हाताऱ्यांच्या किती जोड्या होत्या तिथे! प्रत्येक जोडीजवळ मी पावलं हळू केली. वायर गुंडाळणारे हात शोधले, काळी चिकटपट्टी शोधली. एकजण पाठमोरे तसेच वाटले, पुढे जाऊन बघितलं तर दुसरेच. मला माफी मागायची होती, आणि विचारायचं होतं की भाऊ आला का. भाऊ नक्की आला असेल, एवढं मी मनाशी धरून चालले होते.

शेवटी वरच्या रांगेत एक रिकामी जागा बघून बसले. शेजारच्या बाईंनी न विचारता ब्लँकेटचं टोक माझ्या पायांवर टाकलं. काइल बुश आघाडीवर होता. मी फोन काढला, गाड्या समोरून गेल्या तेव्हापासून पुन्हा समोरून जाईपर्यंतचा आवाज रेकॉर्ड केला आणि आईला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उठून तिने तो ऐकला असणार, पुन्हा ऐकला असणार. मी घरी पोचून अंथरुणात पडले तेव्हा तिचा निरोप आला. तिला लिहायला आवडत नाही, ती बोलून पाठवते. मागे चुलीत लाकूड तडतडत होतं.

"चाळीस मोजले मी," आई म्हणाली. "बरोबर का? लई लांब घाट आहे गं तुझा."